आबांचा पहिला नंबर

गावात कुणालाही मुतखडा झाला की आबा भेटायला जात आणि खडा मिलीमीटरमध्ये सांगू देत नसत. "धान्यात सांग. दादर, तूर, का वाटाणा?" दादर म्हणजे आमच्याकडची ज्वारी.

अमळनेरच्या बाजारात त्यांनी तीस वर्षं धान्याची प्रतवारी केली. मी त्यांच्या हाताखाली होतो. मूठभर दाणे तळहातावर घेत आणि निकाल देत, "दोन नंबर शे. वाद नको." मुलीच्या लग्नात व्याह्यांकडेही त्यांनी त्याच नजरेनं पाहिलं. व्याहीही दोन नंबर निघाले.

नव्वदचं दशक सरत आलं तेव्हा आम्हा दोघांनाही खडे निघाले. माझा वाटाणा, नळीत अडकलेला. किडनीला सूज आली होती. आणखी थांबलात तर ती जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं. धुळ्याच्या एका दवाखान्यात महिन्यातून एकदा लेसरचं मशीन यायचं. पोट कापायचं नाही. लघवीच्या वाटेनं दुर्बीण आत घालायची आणि खड्याचा भुगा करायचा. ती वाट ऐकल्यापासून माझं जेवण उडालं.

आबांची चौकशी वेगळीच. "डॉक्टरसाहेब, भुगा म्हणजे रवा का पीठ?"

"पीठ."

"मंग चाली."

पुढची गोष्ट गावाला पाठ आहे. यादीत पहिलं नाव माझं होतं, पण आबा सिस्टरशी भांडले, "मना खडा मोठा शे! पहिला मान मना!" आणि आधी घुसले. ही गोष्ट मीच पसरवली. लोक पोट धरून हसायचे. आबा समोर असले तर मान डोलवायचे, "हो, मोठाच होता." त्यांच्या शोकसभेतही मी ती सांगितली.

आता खरं सांगतो. नाव पुकारल्यावर मी उठलोच नाही. कपड्यांची पिशवी पायाशी ठेवून बसून राहिलो. म्हणालो, "आबा, मी नाही जात. जाऊ दे ती किडनी. दुसरी आहे."

आबांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि सिस्टरकडे वळून ते वाक्य ओरडले. त्यांचा खडा दादरच्या दाण्याएवढा होता. यादीत नाव होतं, तरी हवं तर महिनाभर पाणी पिऊन वाट पाहा, आपोआप पडेल, असं डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं.

पाऊण तासानं स्ट्रेचरवरून बाहेर आले. चेहरा पांढराफटक. "वसंता, काय नही रे. दाढी करतांना जास्त दुखस."

मग मी गेलो. किडनी वाचली.

परवा त्यांच्या मुलीला, सुमनला, हे सगळं सांगितलं. ती तेव्हा आमच्यासोबत धुळ्याला आली होती. म्हणाली, "काका, मला माहीत होतं. आत नेताना आबा कानात म्हणाले, 'दारात बैस. वसंतानी पिशवी उचली तं माले हाक मार.'"

मी पिशवी उचलली होती. दारात सुमन बसलेली दिसली, म्हणून परत खाली ठेवली.