एकांत समक्ष पाहिल्याचा दाखला

आरोंद्याच्या बाबलीची 'अरण्यातील निवासी कलाकार' म्हणून निवड झाली. निकाल अद्याप गोपनीय असल्यामुळे हे वाक्य कोणी वाचलेलं नाही, असं समजावं.

कलेला एकांत लागतो आणि एकांताला परवानगी लागते. ती देण्यासाठी २००६ साली 'कला-वन समन्वय कक्ष' स्थापन झाला.

बाबली होड्यांवर नावं रंगवायचा. बावीस वर्षांत एकही अक्षर त्याने एकट्याने काढलं नव्हतं. पाठीमागे सरासरी सहा माणसं उभी (शिमग्यात नऊ), आणि सगळ्यांनाच रंगातलं कळायचं. "निळो जरा कमी झालो रे," असं म्हटल्याशिवाय बंदरावरून कोणी घरी जात नसे. त्याला आयुष्यात एकदा, कोणी काही न सांगता, एक झाड काढायचं होतं.

अर्ज सुटसुटीत, अकरा पानी होता. कलम सात: अर्जदार एकटा राहू शकतो, हे किमान एकवीस जणांनी तीन दिवस समक्ष पाहून तसा दाखला द्यावा.

बाबलीने एकवीस जण ठरवले. बाविसाव्याला राग येऊ नये म्हणून तोही आला, आणि त्याच न्यायाने अख्खी वाडी. बाबली नको म्हणाला, तेव्हा बायको शेवंतीने शांतपणे विचारलं, "तुमका येकट्याक ऱ्हवाचा आसा, ता आमी बघूचा नाय?"

तीन टेम्पो लागले.

वैभववाडीच्या वरच्या रानात बाबली एकटा चित्र काढत बसला आणि दोनशे चौदा माणसं गोल करून त्याचा एकांत बघत राहिली. शिस्त वाखाणण्यासारखी होती. तीन दिवसांत एकांतभंग शून्य (चहा, जेवण आणि भजन वगळून). तपासणीच्या साहेबांनी शेरा मारला, 'एकांत भरपूर', आणि जाता जाता चित्राकडे बघून निळा थोडा वाढवायला सांगितलं.

निवड झाली (वर पाहा, म्हणजे पाहू नका). मात्र कलम आठनुसार साक्षीदारांनी महिनाभर जागा सोडायची नव्हती. कोणाची हरकत नव्हती. वाडीतल्या परशुरामाने तर तिथे चहाचं दुकानही टाकलं. कलाकाराने जागा सोडू नये, असं कुठेच लिहिलं नव्हतं.

ब्रश आणायला म्हणून बाबली आरोंद्याला आला. बंदरावर कोणी नव्हतं. उलट्या होडीला टेकून त्याने संध्याकाळपर्यंत झाड काढलं. ते थोडं वाकडं आलं. कोणी काही बोललं नाही.

मग त्याने तिथेच बसून कक्षाला अर्ज लिहिला:

'महोदय, सध्या रानात आमची वाडी राहत असून वाडीत कोणी राहत नाही. तरी मला आरोंदा येथेच निवासी कलाकार म्हणून ठेवावे व वाडीस पुढील आदेशापर्यंत रानातच राहू द्यावे. तसेच, हा अर्ज जे कोणी आत्ता माझ्या पाठीमागे उभे राहून वाचत आहेत, त्यांनाही पुढच्या टेम्पोने तिकडे रवाना करावे, ही नम्र विनंती.'