कोंसूबाईंच्या वेगळ्या चुलीची हकीकत

श्रीदेवमाता समर्थ, समस्त संतमंडळ साक्ष. शके एकोणीसशे सदतीस, मन्मथनाम संवत्सरे, कार्तिक वद्यपक्ष, नाताळाआधीच्या आगमनकाळाचा दुसरा रविवार, ते दिवसापासून दर्याकाठच्या एका राज्यात जे वर्तमान जाहले ते यथामती लिहिले आहे. राज्य देवाचे, परंतु देव वर राहतात, सबब खालचा कारभार माणसांकडे. राज्याचे नाव धर्मप्रांत. त्यावर बिशपसाहेब हुजूर, हाती दंड, मस्तकी उंच टोपी, आणि हुजुरांचे उजवे हाताशी त्यांचे मुतालिक, आणि मुतालिकांचे खाली परगण्याचे डीन, आणि डीनचे खाली एकेका धर्मग्रामाचे ठाणेदार फादर, आणि फादरांचे खाली पंचमंडळ, ज्याने सल्ला द्यावा आणि फादरांनी तो प्रेमाने ऐकून बाजूस ठेवावा. शाळा फादरांचे आवारात, परंतु चालविणार सिस्टर, आणि सिस्टरांच्या मदर दूर परमुलखात, म्हणोन शाळेचा नळ गळू लागला तरी तो कोणाचे हुकुमाने बंद करावा यावर मसलती होत आणि नळ गळत राही. ऐसा चोख बंदोबस्त.

त्या राज्यी कोंसूबाई म्हणून एक वृद्ध विधवा होत्या, जिभेने तिखट, मनाने मऊ. थोरल्या देवळात रविवारी मिस्सेस, म्हणजे सामुदायिक उपासनेस, पाय ठेवावयास जागा उरेना, मग हुजुरांनी धर्मग्राम दुभागून धाकटे धर्मग्राम वसविले. सीमा कोठे घालावी? मुतालिकांनी जुना नकाशा मागविला, त्यावर एक नाला दिसला, मग नाल्यावरून रेघ ओढिली आणि चहा घेतला. तो नाला कोंसूबाईंच्या सासऱ्यांनी केव्हाच बुजवून वर घर बांधिले होते, हे नकाशास कोणी कळविले नव्हते. येणेकरून घराचे माजघर धाकट्या धर्मग्रामी गेले आणि स्वयंपाकघर थोरल्यात राहिले. मग घरे आशीर्वादित करावयाचे दिवस आले, की धाकटे फादर पुढील दाराने येऊन मधल्या उंबऱ्यापर्यंत पवित्र पाणी शिंपीत, आणि थोरले फादर मागील दाराने येऊन चुलीपासून उंबऱ्यापर्यंत शिंपीत. उंबरा मात्र कोरडाच राही.

धाकट्या धर्मग्रामी शाळा इंग्रजी, आणि नियम ऐसा की आपले धर्मग्रामीची मुले आधी. बाईंचे पुत्र बेनीत यांनी कन्या जेसलीनचे दाखल्यासाठी अवघे कुटुंब धाकट्याकडे लिहविले, आणि घर बदलताना पाटा-वरवंटा जातो तशा कोंसूबाईही त्यात गेल्या. पुढे बाईंचे काळजाने दगा दिला, डॉक्टरांनी मान हलविली, आणि बाईंनी एकच गोष्ट मनी धरिली. यजमान पास्कू थोरल्या देवळामागे मातीत निजले होते. त्यांचे शेजारी आपणही निजावे. परंतु तेथे जागा थोडी, म्हणोन बाहेरचे मयत घेऊ नये ऐसा ठराव. ज्या देवळी बाईंचा बाप्तिस्मा जाहला, जेथे लग्न लागले, तेथे त्या आता बाहेरच्या ठरल्या. धन्य तो नकाशा.

मग बाई काठी टेकीत थोरल्या फादरांकडे गेल्या. फादर म्हणाले, "बाय, माझ्या मनात आहे हो, पण सीमा काही माझ्या हातात नाही."

"पास्कूला नि मला तुमच्याच देवळात जोडलं, फादर," बाई बोलिल्या. "तेव्हा मधे नाला नव्हता."

फादर धाकट्या फादरांकडे बोट दाखविते जाहले. धाकटे म्हणाले, घरातील एकच मनुष्य सोडता येत नाही, जावयाचे तर अवघे कुटुंब जाईल, आणि मग नातीच्या दाखल्याचे सिस्टरांस पुसा. सिस्टर म्हणाल्या, मदर ठरवितील. डीन म्हणाले, सीमा हुजुरांची. मुतालिक म्हणाले, पंचमंडळातून येऊ द्या. पंचमंडळ म्हणाले, फादर सांगतील तसे. आणि थोरल्या फादरांस अखेर दया आली, "बघतो मी काहीतरी," ऐसा शब्द दिला, तोच त्यांची बदली जाहली. राज्यात बदली मात्र कधी अडत नाही.

आता थोरल्या धर्मग्रामी कुटुंबे मोजावयाची जुनी चाल ऐसी की माणसे पाहू नयेत, चुली पाहाव्या; वेगळी चूल ते वेगळे कुटुंब. बाईंस हे ठाऊक. एके सकाळी त्या पुत्रास म्हणाल्या, "बेनीत, मला वेगळी काढ."

"आई, काय बोलतेस हे? लोक तोंडात शेण घालतील माझ्या."

"घालू दे. पोरीची शाळा तुझ्या खोलीत, माझी माती माझ्या खोलीत. मला स्वयंपाकघर दे, तुम्ही माजघरात गॅस मांडा."

सून फिलोमिन पदर तोंडाशी घेऊन रडली, परंतु चूल वेगळी जाहली. तेव्हा पंचमंडळाचे कारभारी सिप्रियन हे चौकशीस येऊ लागले. हे गृहस्थ मोठे धर्मनिष्ठ, विशेषेकरून दुसऱ्यांच्या बाबतीत. नेमके जेवणाचे वेळी यावे आणि झाकणे उचलून पाहावी. एके दिवशी बाईंचे टोपात बोंबलाचे कालवण सापडले.

"हे कोणी केलं, बाय?"

"मीच."

"तुम्हाला तर डाव उचलवत नाही. चूल सामाईक दिसते. पुन्हा विचार करावा लागेल."

त्या दिवसापासून बाईंनी सुनेच्या हातचे घेणे सोडिले. स्वतः उठून पेज शिजवीत, निम्मी उतू जाई, आणि उंबऱ्याच्या आत बसून तीच पीत. उंबऱ्याबाहेर जेसलीन आपले ताट घेऊन बसे. "मम्मा, माझ्यातला एक घास घे ना," पोर आजीस म्हणे, आणि बाई हसून मान फिरवीत. कारभारी हे उभे राहून पाहत. त्यांनी समाधान पावून चूल वेगळी असल्याची रुजवात दिली, नव्या थोरल्या फादरांनी मान डोलाविली, आणि कोंसूबाई एकट्याच एक कुटुंब म्हणून थोरल्या धर्मग्रामी दाखल जाहल्या.

उपवासकाळात बाई देवाघरी गेल्या. थोरल्या देवळाची घंटा वाजली, पास्कूंचे शेजारी खड्डा खणिला, फादरांनी प्रार्थना म्हटली, पेटी काठाशी ठेविली. तेव्हा कारभारी पुढे होऊन गर्जले, "आधी कुटुंबातल्यांनी माती द्यावी. या धर्मग्रामातलं मयताचं कुटुंब कोण?"

कोणी हलेना. बेनीत पुढे सरले.

"आपण मयताचे कोण?" कारभारी यांनी पुसले. हेच कारभारी बेनीतांचे लग्नात दोनदा वाढून घेऊन जेविले होते.

बेनीतांनी पेटीकडे पाहिले. पुत्र म्हणावे तर चूल पुन्हा एक होते, आणि आई अजून मातीवरच. बेनीत म्हणाले, "शेजारी."

आणि माती दिली.

येणेप्रमाणे हकीकत. सीमा शाबूत, ठराव शाबूत, दाखला शाबूत, आणि कोणाकडूनही काही अन्याय जाहला नाही ऐसे सर्वत्रांचे मत पडले. बाई आपले जागी पोचल्या. बेनीतांस मात्र आता कोणी पूर्ण नाव पुसले, तर ते मध्ये बापाचे नाव न सांगता आईचे सांगतात.