शेवटची सुशीला

आमचे रामटेकेभाऊ कुठल्याही यादीच्या अगदी शेवटी 'सुशीला' हे नाव घालत. प्रोग्राम तपासायला एखादं खोटं नाव लागतंच, पण दरवेळी हीच बाई! ऐंशीच्या दशकाचा शेवट, चंद्रपूरच्या आरोग्य ऑफिसात नवा कॉम्प्युटर, अन् तो चालवणारे आम्ही दोघंच. मी चिडवायचो, "भाऊ, वहिनीले सांगू का?" ते घाबरून कानाला हात लावत.

घाबरणं त्यांच्या रक्तातच. पंगतीत शेवटच्या माणसाच्या पानात भात पडल्याशिवाय यांचा घास तोंडात जात नसे. बसमध्ये चढले की कंडक्टरला विचारणार, "मांगं कोनी रायलं तं नाई ना?"

अन् अ‍ॅरेचं तर नावच काढू नका. "मेमरीतले नावं ठेवाचे कप्पे ते. मोजून देल्ले. भरले का पुढचा मानूस बाहेर!"

"पन भाऊ, काम किती झपाट्यानं होते!"

"वाघ बी झपाट्यानंच येते."

एकदा हिवतापाची यादी आली. आमचा अन् शेजारचा, दोन्ही जिल्ह्यांतले रोगी. दुसऱ्या सकाळी गोळ्यांची गाडी निघणार, अन् यादीत नाव नाही त्याला गोळी नाही. भाऊंचा प्रोग्राम एकेक नाव डिस्कवरून वाचत दुपारभर कुरकुरत बसे. मी अतिशहाणा! नावं अ‍ॅरेत भरली, अन् एरर येऊ नये म्हणून कप्पे संपतील तिथं मोजणी थांबवून टाकली. कप्पे पुरतीलच, असं धरून चाललो. पाच मिनिटांत यादी हातात.

भाऊंनी फक्त शेवटची ओळ पाहिली.

"सुशीला कुठी हाय?"

मी हसलो. मग यादीतल्या गावांवरून बोट फिरवलं. यादी गावांच्या क्रमानं होती, अन् शेवटच्या सूरजागडचं एकही नाव नव्हतं.

भाऊ यादी घेऊन खाली बसले. "आमी मोहफुलं वेचाले जंगलात जावो. परततानी गावचा एक म्हातारा मानसं मोजे. वीस झाले का म्हने, 'कोडी भरली, चाला.' त्या दिवशी माही लहान बहीण हट्टानं आलती. एकविसावी. कोनी मांगं पाह्यलं नाई. मी बी नाई. सकाळी नुसती टोपली भेटली."

भाऊंचाच प्रोग्राम लावला. मी दुपारभर प्रिंटरपाशी जीव मुठीत धरून उभा. संध्याकाळी एकदाचं सूरजागड आलं. सगळ्यात शेवटी सुशीला.

खोटं नाव खोडायचं असतं. मी पेन काढलं. "भाऊ, खोडू?"

"राहू दे," ते म्हणाले. "गाडीत जागा हाय."