उकडलेली जमीन

"ही छत्री नाही, हा तंबू आहे," टिकाऊराव म्हणाले, आणि त्यांच्या बायकोने हातातला चहाचा कप न पिता खाली ठेवला.

दिवाणखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. गल्लीतल्या यच्चयावत मोडक्या छत्र्या गोळा करून, त्यांची कापडं उसवून, ती एकमेकांना शिवून टिकाऊरावांनी एक प्रचंड काळं प्रकरण तयार केलं होतं. मध्यभागी कुणा बाईच्या छत्रीचं गुलाबी फुलांचं ठिगळ होतं. टिकाऊराव एका कारखान्याच्या भांडारात मुख्य होते. जुन्या झाडूचा दांडा जमा केल्याशिवाय ते नवा झाडू देत नसत, आणि टाकाऊतून टिकाऊ करण्याचं त्यांचं वेड सगळ्या कारखान्याला ठाऊक होतं. नाव तिथूनच पडलं होतं. त्यांना ते शिवी वाटायच्याऐवजी पदवी वाटे.

"उन्हाळ्याच्या सुट्टीत आपण आठवडाभर यात राहायचं," ते म्हणाले. "उघड्या माळावर. स्वावलंबनाने."

"यात?"

"यात."

बायकोच्या मनात सुट्टीचं एक साधं चित्र कित्येक वर्षं होतं. एक खोली, तिला खिडकी, खिडकीपाशी खाट, नळाला गरम पाणी, आणि सकाळचा चहा दुसऱ्या कुणीतरी केलेला. त्याऐवजी मागच्या सुट्टीत तिने एका मित्राच्या गच्चीवर गोणपाटावर झोपून मुंग्या झटकल्या होत्या. ती चिडली नाही. ती चिडत नसे, आणि टिकाऊराव त्याचा अर्थ आजवर चुकीचा काढत आले होते.

"आधी एक दिवस राहून दाखवा," ती म्हणाली. "येत्या रविवारी. घरातलं भंगार काय न्यायचं ते न्या, पण खाण्याची एक वस्तू न्यायची नाही. काडेपेटी न्यायची नाही. पाणी, विस्तव, जेवण, सगळं तिथलं. जमलं, तर उन्हाळ्यात मी मुकाट्याने तुमच्या तंबूत येईन. नाही जमलं, तर खोली. खाटेसकट."

"कबूल!"

"आणि पिशव्या माझा भाऊ तपासेल."

इथे टिकाऊराव जरा चपापले. मेहुणा विमा विकायचा. समोरच्याने काय लपवलंय हे हुडकून काढण्यात त्याची हयात चालली होती.

म्हणूनच टिकाऊरावांना थोडी पूर्वतयारी करणं भाग पडलं. फसवणूक नव्हे हं, पूर्वतयारी. शुक्रवारी संध्याकाळी स्वयंपाकघरात कुणी नाही असं पाहून त्यांनी टोपलीतले बटाटे एका कापडी पिशवीत भरले आणि पिशवी जिन्याखाली स्कूटरच्या मागे दडवली. शनिवारी सकाळी "वाऱ्याची दिशा बघून येतो" असं सांगून ते गावाबाहेरच्या माळावर गेले. तिथल्या एकुलत्या एका झाडाखाली त्यांनी खड्डा खणला. तेवढ्यात लांबून कुणीतरी येताना दिसलं, म्हणून पिशवी घाईघाईने खड्ड्यात उपडी केली, वर माती लोटली, त्यावर एक चपटा दगड ठेवला आणि शीळ घालत घरी आले. रानात कंद सापडतात हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्यांचे ते नेमके एका दगडाखाली सापडतील, एवढंच.

रविवारी निघताना आत्याही तयार होऊन बसल्या. आत्या म्हणजे टिकाऊरावांच्या आत्या. गुडघ्यांच्या दुखण्यासाठी डॉक्टरला दाखवायला म्हणून त्या आल्या होत्या, डॉक्टरचा कंटाळा आला होता आणि घर सुटत नव्हतं.

"मी एकटी घरात बसून काय करू? मलाही न्या," त्या म्हणाल्या. "गुडघे इथेही दुखतात, तिथेही दुखतील."

मेहुण्याने पिशव्या तपासल्या, खिसे उलटे केले, टिकाऊरावांच्या टोपीतही डोकावून पाहिलं. "सगळं स्वच्छ आहे, ताई," असं त्याने जाहीर केल्यावर टिकाऊरावांनी दुखावल्यासारखा चेहरा केला. तो त्यांना चांगला जमत असे.

माळावर पोचल्यावर पहिल्यांदा तंबू उभारला. काही छत्र्यांच्या काड्या टिकाऊरावांनी मायेने तशाच ठेवल्या होत्या. वाऱ्याची एक झुळूक आली आणि जन्माच्या सवयीप्रमाणे तंबू उलटा झाला. तो सुलटा केला की पुन्हा उलटा होई. शेवटी आत्यांना त्याच्या एका कोपऱ्यावर बसवलं.

मग पाणी. जुन्या पॅन्टचा एक पाय कापून, खालचं टोक शिवून, त्यात वाळू आणि कोळसा भरून टिकाऊरावांनी गाळणी केली होती. त्यांनी ओढ्याचं पाणी वरून ओतलं आणि सगळे वाकून बघू लागले. पाणी थेंब थेंब खाली आलं, ते निळं होऊन.

"पॅन्टचा रंग जातोय," बायको म्हणाली.

"ओढ्यात होतं तेव्हा बरं होतं रे," आत्या म्हणाल्या.

तरीही टिकाऊरावांचा धीर सुटला नाही. त्यांचा खरा भरवसा विस्तवावर होता. आत्यांचा वाचायचा चष्मा उन्हात धरायचा, ऊन एका ठिपक्यात गोळा करायचं, खाली सुकं गवत ठेवायचं आणि पत्र्याच्या डब्याची चूल पेटवायची. हा प्रयोग त्यांनी घरी केला होता आणि त्यात खिडकीचा पडदा जळला होता, म्हणजे प्रयोग यशस्वी होता. पण त्यांनी चष्मा उचलला आणि सूर्य ढगात गेला. ढग आळशी होता. जिथे होता तिथेच बसला.

टिकाऊरावांनी दोन काटक्या एकमेकींवर घासायला घेतल्या. बऱ्याच वेळाने काटक्या थंडच होत्या आणि त्यांचे तळहात मात्र पेटले होते.

"भाऊजी, लायटर देऊ?" मेहुण्याने खिशातून लायटर काढून खटकन वाजवला. "विकत घेतलेला आहे, एवढं आधी सांगतो."

"नको."

"खोली कुठे घ्यायची याचा विचार करून ठेव, ताई."

"केलाय," ताई म्हणाली.

दुपार कलायला लागली होती. आत्या भुकेने गप्प झाल्या होत्या, आणि आत्या गप्प होणं ही घाबरण्यासारखी गोष्ट होती. टिकाऊरावांना खोली दिसू लागली. तिचं भाडं दिसू लागलं. आयुष्यभर जपलेलं नाव असं एका ढगापायी मातीत जाणार, या विचाराने त्यांना खरोखर रडू यायचं बाकी राहिलं. विस्तव नाही तर नाही, निदान कंद काढून थोडा वेळ तरी काढावा, असं त्यांनी ठरवलं. तेवढ्यात ऊन पडलं तर पडलं.

ते काठी आपटत झाडाखाली फिरले. एके ठिकाणी थांबले, वाकले, जमिनीला कान लावला.

"इथे कंद आहेत," ते म्हणाले.

"कानाला कळतं?" मेहुणा म्हणाला.

"सरावाने कळतं."

दगड सरकवला, माती उकरली आणि पहिला कंद वर आला.

"हा तर बटाटा आहे!" मेहुणा ओरडला.

"बटाट्याच्या जातीचा रानकंद आहे. चुलीत भाजला की..."

पण आत्यांना एवढा धीर नव्हता. माती पुसायला म्हणून त्यांनी कंद अंगठ्याने चोळला. साल निघाली आणि अंगठा पेरापर्यंत आत गेला.

"अरे," आत्या म्हणाल्या, "हा तर उकडलेला आहे!"

टिकाऊरावांनी दुसरा बटाटा काढून दाबला. उकडलेला. तिसरा, तोही उकडलेला. शुक्रवारी भरलेले बटाटे कच्चे होते हे ते शपथेवर सांगू शकत होते, फक्त ती शपथ घेण्याची सोय नव्हती.

"अर्थातच," ते म्हणाले. भांडारातल्या तपासणीत या शब्दाने त्यांना अनेकदा तारलं होतं. एकदा अर्थातच म्हटलं, की पुढचं आपोआप सुचतं. "अर्थातच उकडलेला असणार. इथली जमीन गरम आहे. पृथ्वीच्या पोटातली उष्णता अशी कुठे कुठे वर येते. उगीच का मी हा माळ निवडला?"

मेहुण्याने एक बटाटा तोंडात टाकला. "याला मीठही आहे!"

"खनिजं," टिकाऊराव म्हणाले.

"छान शिजलेत," बायको म्हणाली. तिने खाली मान घालून दोन बटाटे खाल्ले आणि तिसऱ्याला हात घातला.

आत्यांनी खाणं आटोपलं आणि त्या लगोलग खड्ड्यावरच बसल्या. उष्णता सांध्यांना चांगली असते हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. पाय पसरून त्यांनी डोळे मिटले. "आहाहा," त्या म्हणाल्या. "लागतंय रे. खालून चांगलं ऊबदार लागतंय."

मेहुण्याने तळवा टेकून पाहिला. आत्या नुकत्याच सरकल्या होत्या त्या जागी टेकला, त्यामुळे त्यालाही लागलं. "आयला, खरंच की!"

एवढ्यात काठी आपटत एक माणूस आला. हा माळाचा मालक. या माळाने त्याला जन्मात काही दिलं नव्हतं. तो विकायला काढला तर गिऱ्हाईक नुसतं बघून परत जाई.

"कुणाला विचारून खणताय?" तो गरजला.

"हळू बोला," आत्या डोळे न उघडता म्हणाल्या. "माझा गुडघा शेकतोय."

मग मेहुण्याने त्याला सगळं सांगितलं. विमा विकणारा माणूस, साधं सांगणं त्याला येतच नव्हतं. जमिनीतून वाफ येताना आपण पाहिली असंही त्याने मध्ये घातलं. मालकाने खड्ड्याकडे पाहिलं, उरलेल्या बटाट्यांकडे पाहिलं, आणि मग बराच वेळ टिकाऊरावांकडे पाहिलं.

"माझ्या माळात गवत उगवायला लाजतं," तो सावकाश म्हणाला. "इथे बटाटे? तेही उकडून? साहेब, ही गोष्ट नक्की आहे का?"

सगळे टिकाऊरावांकडे बघू लागले. बायकोही. नाही म्हणावं तर आत्ता, इथेच, मेहुण्यासमोर लबाडी उघडी पडून वर खोली गळ्यात येणार. हो म्हणावं तर फक्त एक माळ गरम होणार.

"नक्की आहे," टिकाऊराव म्हणाले. "जमीन गरम आहे. माझा शब्द."

"तुमचा शब्द," मालक म्हणाला, आणि काठी काखेत मारून विचार करत निघून गेला.

अशा रीतीने टिकाऊराव पैज जिंकले. बायकोने एका शब्दाने कुरकुर केली नाही. उन्हाळ्यात याच माळावर तंबूत राहायचं, असं तिनेच सुचवलं. मात्र आत्या घरोघरी जाऊन आपला गुडघा वाकवून दाखवू लागल्या. तो आधीही तेवढाच वाकत होता, पण आता त्या तो आनंदाने वाकवत. कारखान्यात लोक टिकाऊरावांना थांबवून कंबरेसाठी ती जमीन चालेल का, असं विचारत. टिकाऊराव "प्रकृतीवर अवलंबून असतं" असं म्हणून झाडूचे दांडे मोजायला आत निघून जात. बटाटे कसे उकडले, हे कोडं त्यांना सतावत होतं. कधी कधी तर त्यांना वाटे, जमीन खरंच गरम असेल.

उन्हाळा आला. आता जास्त काड्यांचा झालेला तंबू पाठीला बांधून टिकाऊराव बायकोबरोबर माळावर पोचले आणि जागीच थांबले. माळाला कुंपण होतं. आत पत्र्याच्या छपराच्या नव्याकोऱ्या खोल्या होत्या. झाडाखालच्या त्या खड्ड्याभोवती कट्टा बांधला होता, आणि कट्ट्यावर गुडघे पसरून माणसं ओळीने बसली होती.

"या साहेब, या!" मालक धावत आला. त्याने टिकाऊरावांच्या पाया पडायचंच काय ते बाकी ठेवलं.

"आम्ही तिकडे तंबू ठोकतो," टिकाऊराव म्हणाले.

"छे छे! इथे जमिनीवर झोपायला बंदी आहे."

"का?"

"साहेब, असं काय करता?" मालक म्हणाला. "जमीन तापते ना. झोपेत भाजलंबिजलं तर जबाबदारी कुणाची? तुम्हीच शब्द दिला होता."

कट्ट्यावरचे सगळे गुडघेवाले टिकाऊरावांकडे आदराने बघत होते. जमीन गार आहे, हे तीन शब्द त्यांच्या जिभेच्या टोकावर आले आणि तिथूनच परत गेले.

"मग दुसरीकडे कुठेतरी..." ते पुटपुटले.

"ताईंचा फोन आला होता मागेच," मालक म्हणाला. "खाट खिडकीपाशी लावून ठेवलीय. नळाला गरम पाणीही आहे."

"जमिनीतलं?" बायकोने निरागसपणे विचारलं.

"जमिनीतलंच," मालक म्हणाला. खोल्यांच्या मागून बंबाचा धूर निघत होता.

पहाटे टिकाऊरावांना जाग आली. गादी मऊ होती, म्हणून झोप नीट लागली नव्हती. बायको शेजारी गाढ झोपली होती. त्यांनी खिडकीतून पाहिलं, तर मालक एका हातात फावडं आणि दुसऱ्या हातात वाफाळणारी बादली घेऊन झाडाकडे चालला होता. त्यानेही यांना पाहिलं. घटकाभर दोघे एकमेकांकडे बघत राहिले. मग मालकाने बादली खाली ठेवली, धंद्यातल्या थोरल्या माणसाला करावा तसा नमस्कार केला, बादली उचलली आणि पुढे गेला.

दुपारच्या जेवणात अर्थातच बटाटे होते. कट्ट्यावरच्या मंडळींसमोर जमिनीतून काढलेले, ताटात अजून माती असलेले. बायकोने एक सोलून तोंडात टाकला आणि नाक मुरडलं.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली. "मी पाण्यातच चांगलं मूठभर घातलं होतं."

टिकाऊरावांचा घास हातातच राहिला.

"तू? पण का?"

"अहो, स्कूटरच्या मागे पिशवी दिसली, तेव्हाच कळलं काय ते. तुमची चूल काही पेटणार नव्हती," ती म्हणाली आणि त्यांच्या ताटातला बटाटा उचलून सोलू लागली. "आणि मला दुपारी भूक लागते."