तिसरा पर्याय

राज्याच्या हवामानबदल धोरणाचे तीन पर्याय तयार झाले होते आणि त्यांतला पहिला मंजूरही झाला होता. आता तिन्हींचं स्वतंत्र आर्थिक विश्लेषण तेवढं बाकी होतं. ते खरोखरच स्वतंत्र व्हावं याबद्दल खातं इतकं गंभीर होतं, की देखरेखीसाठी एक निष्पक्षता अधिकारी नेमण्यात आले. हे साहेब आधी वाहनतळ विभागात होते. तिथे त्यांच्या कारकिर्दीत एकाही गाडीला जागा मिळाली नव्हती, त्यामुळे पक्षपाताचा प्रश्नच आला नव्हता.

विश्लेषणासाठी अर्थतज्ज्ञ बाईंची निवड झाली. बाई ओढ्याकाठच्या सखल गल्लीत तळमजल्यावर राहत. दर पावसाळ्यात घरात पाणी शिरे आणि गुडघ्यांनी जेरीस आलेल्या सासऱ्यांना उचलून जेवणाच्या टेबलावर बसवावं लागे. तिसरा पर्याय आला तर हे थांबेल, असं बाईंना वाटत होतं. पण नुसत्या वाटण्यावर त्यांचा विश्वास नव्हता. हिशेबाने काय ते दाखवू, म्हणून त्या पदर खोचून कामावर हजर झाल्या.

खोली छान होती. फक्त खिडकी विटांनी बुजवलेली होती.

"बाहेरचं हवामान दिसलं की मन कलतं," साहेबांनी समजावलं. "आत एसी आहे. बारा महिने एकच ऋतू."

"बरं. आकडे कुठे आहेत? पाऊस, पूर, नुकसान, खर्च?"

साहेब दचकले. "अहो, खात्याचे आकडे वापरलेत तर तुम्ही खात्याच्या झालात!"

"मग बाहेरून मागवते."

"म्हणजे बाहेरच्यांच्या झालात."

बाईंनी कपाळाला हात लावला. "मग आकडेमोड करू तरी कशाची?"

"ते तुमचं तुम्ही बघा. आम्ही अजिबात ढवळाढवळ करणार नाही."

बाईही हट्टाला पेटल्या. जुन्या वर्तमानपत्रांतून, विद्यापीठातल्या ओळखीपाळखीतून, मिळेल तिथून आकडे गोळा करून त्यांनी विश्लेषण पुरं केलं. तिन्ही पर्यायांत तिसरा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी निघाला. त्यांनी अहवाल साहेबांच्या टेबलावर ठेवला तेव्हा त्यांना अगदी हलकं हलकं वाटत होतं.

साहेबांनी शेवटचं पान पाहिलं आणि चष्मा काढला. "बाई, तुमचं मत झालेलं दिसतंय."

"विश्लेषण केलंय ना, साहेब."

"हो, पण ज्याचं मत झालं, तो स्वतंत्र कसला?"

तेवढ्यात बाईंचा फोन वाजला. नणंद होती. तिचा आवाज साऱ्या खोलीत घुमला, "वहिनी, पाणी आलं गं! बाबांना टेबलावर बसवलंय, पण टेबल डुगडुगतंय. निघ लवकर!"

"कसलं पाणी?" साहेबांनी संशयाने विचारलं.

"पुराचं."

"म्हणजे तुम्हाला फरक पडतो?"

"पडतो म्हणजे काय! सासरे बसलेत टेबलावर!"

"आणि ही गोष्ट तुम्ही आमच्यापासून लपवून ठेवलीत," साहेब दुखावल्या आवाजात म्हणाले.

बाईंना त्याच दिवशी सन्मानाने मोकळं करण्यात आलं. त्यांच्या जागी आता असा माणूस हवा होता, ज्याला हवामानाची झळ पोचत नाही. डॉक्टर बाद झाले, कारण उन्हाळ्यात त्यांचे रोगी वाढतात. विमेवाले आणि छत्र्यावाले तर दारातूनच परत गेले. दहाव्या मजल्यावरचे एक प्राध्यापक ठरत आले होते, पण त्यांना नुकतीच नात झाली आणि भविष्यकाळात हितसंबंध तयार झाले. एका दिवंगत तज्ज्ञांच्या नावावर जवळजवळ एकमत होतं. त्यांचे मात्र वारस निघाले.

अखेर पेन्शनच्या कामासाठी आलेल्या एका गृहस्थांना साहेबांनी जिन्यात सहज विचारलं, "काय हो, हवामान बदलतंय म्हणतात?"

"बदलू दे. मला काय फरक पडतो?"

साहेबांचे डोळे भरून आले. त्यांनी गृहस्थांना तिथेच मिठी मारली. गृहस्थांनी चहा येईपर्यंत विश्लेषण संपवलं. तिन्ही पर्याय आपापल्या जागी योग्य आहेत, असा त्यांचा निष्कर्ष होता. मग खात्याने कुणाच्याही दबावाखाली न येता पहिला पर्याय राबवला आणि स्वतंत्र विश्लेषणाबद्दल स्वतःचं जाहीर अभिनंदन केलं.

पुढच्या पावसाळ्यात पाणी टेबलाच्या वर चढलं. सासऱ्यांना शेजाऱ्यांनी दोरी बांधून माडीवर ओढून घेतलं. दुसऱ्या दिवशी बाई चिखलाच्या चपलांनिशी त्याच खोलीत साहेबांसमोर उभ्या राहिल्या.

"साहेब, तिसरा पर्याय नुसता वाचून तरी बघा."

"वाचला तर माझंही मत होईल हो," साहेब कळवळून म्हणाले. "मग या खुर्चीत मला कोण बसू देईल?"

बाई तिथेच रडल्या. बुजवलेल्या खिडकीमुळे ते बाहेर कुणाला दिसलं नाही.

आता जाता जाता एकच चौकशी. तिसऱ्या पर्यायात नेमकं होतं काय, हे एवढ्या गोष्टीत कुठेही आलेलं नाही. वाचताना तुम्हाला एकदा तरी विचारावंसं वाटलं का? नसेल वाटलं, तर पत्ता कळवा. पेन्शनवाले गृहस्थ आता थकलेत आणि साहेब तुमच्यासारख्याच स्वतंत्र माणसाच्या शोधात आहेत.