आप्पांच्या गाडीचा तळ

दर रविवारी सकाळी आप्पांचा फोन यायचा आणि गाडीची चौकशी झाली की त्यांचे जावई एकच उत्तर द्यायचे, "गाडी ना? एकदम ठणठणीत!" त्याच दमात पुढे म्हणायचे, "तुम्ही एकदा याच आप्पा, मस्त चक्कर मारू." आप्पा काही येणार नाहीत याची त्यांना खात्री होती, त्यामुळे आग्रहाला जोर चढायचा. पण या रविवारी आप्पा म्हणाले, "बरं. पुढच्या रविवारी येतो."

जावयांनी फोन ठेवला आणि कित्येक वर्षांनी गॅरेजचं कुलूप काढलं.

गाडी म्हणजे आप्पांची जुनी लाल स्पोर्ट्स कार. दोन सीटांची, बुटकी, लांब नाकाची, डोक्यावर कापडी हूड. पोटच्या मुलाला सोडून आप्पांनी ती जावयाला देऊन टाकली होती. लग्नाच्या वेळी जावयाला धड नोकरी नव्हती, सासरचे नातेवाईक त्याला बसायला खुर्चीसुद्धा देत नव्हते. आप्पांनी सगळ्यांदेखत गाडीची किल्ली त्याच्या हातावर ठेवली आणि त्या दिवसापासून तो सगळ्यांचा 'जावईबापू' झाला. हे उपकार जावईबापू कधीच विसरले नाहीत. विसरले ते फक्त गाडीला.

त्यांनी गाडीचं दार उघडलं, सीटवर बसले आणि पाय खाली ठेवला. पाय गालिच्यातून गेला, पत्र्यातून गेला आणि थेट गॅरेजच्या फरशीवर टेकला.

"काय पडलं हो?" घरातून बायकोचा आवाज आला.

"पाय," जावईबापू म्हणाले.

मग बायकोच्या भावाला बोलावणं भाग पडलं. मेहुण्याला वेल्डिंग येतं असं मेहुण्याचं स्वतःचं मत होतं. त्याने आपल्या घराचं फाटक स्वतः जोडलं होतं. ते अजून उघडत नाही, पण मजबूत आहे.

"दाजी, तळाचा पत्रा गंजून गेलाय, बाकी काही नाही," मेहुणा गाडीखाली डोकावून म्हणाला. "जुना कापायचा, नवा जोडायचा. सोपंय. मी व्हिडिओ बघितलाय."

"आधी एक बाजू करू या का?"

"निम्मं काम मला आवडत नाही. तुम्ही उजवीकडून कापा, मी डावीकडून. एकदम काढू, एकदम लावू."

शनिवारी सकाळी सीटा बाहेर काढल्या आणि दोघे पत्रा कापायचे दोन ग्राइंडर घेऊन आत शिरले. गॅरेजात कपडे वाळत होते. त्यांच्यावर ठिणग्या उडू नयेत म्हणून बायकोने गाडीची दोन्ही दारं बाहेरून लावून घेतली. काम झपाट्याने झालं. डावीकडचा तळ पडला, पाठोपाठ उजवीकडचा पडला. दोघांनी एकमेकांकडे कौतुकाने पाहिलं. तेवढ्यात गाडीने एक लांब सुस्कारा टाकला आणि ती मधोमध दोन बोटं खाली बसली.

पत्र्याचं छप्पर नसलेल्या गाडीचा सगळा जीव तिच्या तळात असतो. तोच काढून घेतल्यावर ती कशाच्या आधारावर उभी राहणार? दोन्ही दारं चौकटीत घट्ट रुतली. हूडची कडी पुढच्या काचेवर आवळली गेली, त्यामुळे वरूनही निघता येईना, आणि बुटक्या गाडीखालून सरकायलाही जागा नव्हती. जावईबापूंनी खिडकीतून बाहेर यायचा प्रयत्न केला. डोकं आलं, खांदे आले, पण पोटाने साफ नकार दिला.

"व्हिडिओत हे नव्हतं?" जावईबापूंनी विचारलं.

"सुरुवातीला ते दारांमध्ये कसला तरी लोखंडी दांडा आडवा लावत होते," मेहुणा हळूच म्हणाला. "तो भाग मी पुढे पळवला."

याच घडीला बाहेरून ओळखीचा आवाज आला, "शेजाऱ्यांची गाडी इकडे यायला निघालीच होती, म्हटलं आजच जावं."

मेहुणा वडिलांच्या भीतीने सीटच्या जागी दडून बसला. जावईबापूंनी स्टिअरिंग धरलं आणि तोंडावर हसू आणलं. आप्पा काठी टेकत गॅरेजच्या दारात उभे राहिले.

"काय जावईबापू, गाडी कशी आहे?"

"एकदम ठणठणीत!" सवयीने तोंडून निघून गेलं.

आप्पांनी खाली पाहिलं. "चार चाकं मीच दिली होती. हे चार पाय कधी फुटले?"

जावईबापूंना वाटलं, पायाखालच्या फरशीलाही एक भोक असतं तर बरं झालं असतं. ज्या माणसाने चारचौघांत आपली लाज राखली, त्याच्या गाडीची आपण ही दशा केली. आता कोणत्या तोंडाने बाहेर यायचं? तशी बाहेर यायची सोयही नव्हती.

आप्पा मात्र शांत होते. "जॅक आण गं," त्यांनी मुलीला सांगितलं. "दाराखाली, मधोमध लाव. सावकाश." गाडी दोन बोटं वर आली, हूडची कडी सुटली, दारं करकरत उघडली. दोघे बाहेर आले ते मान खाली घालूनच.

"आप्पा, मी गाडीकडे बघितलंच नव्हतं हो. तुम्हाला दर वेळी उगाच..."

आप्पांचं लक्ष नव्हतं. ते वाकून तळाच्या जागी दिसणाऱ्या फरशीकडे बघत होते. "स्वयंपाकघरातलं स्टूल आण," ते मुलीला म्हणाले. स्टूल स्टिअरिंगसमोर फरशीवर ठेवलं. हूड मागे टाकलं. जावईबापूंच्या खांद्यावर हात ठेवून आप्पा एकेक पाय उचलत आत गेले, टेकले आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून त्यांनी डोळे मिटले.

"या गाडीत बसायचं म्हणजे जमिनीवर बसायचं," ते म्हणाले. "गुडघ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून मला खाली बसता येत नाही. आज वाटभर एकच धसका होता, बसेन कसाबसा, पण उठेन कसा? तुम्ही दर आठवड्याला इतक्या प्रेमाने बोलावता, नाही म्हणवत नव्हतं." त्यांनी पाय लांब केले. "आज पहिल्यांदा या गाडीत माणसासारखा बसलोय."

जावईबापूंनी बादली पालथी घातली आणि शेजारी जाऊन बसले. "कुठे जायचं, आप्पा?"

"थोडं इथेच थांबू. खूप वर्षांनी बसलोय."

बायकोने दोघांच्या हातात चहा दिला. मेहुण्याला धीर आला. "आप्पा, तुम्ही काळजी करू नका. उद्या संध्याकाळपर्यंत नवा तळ बसवून देतो!"

"मी पुढच्या रविवारी पुन्हा येणार आहे," आप्पा जावयांच्या कानाशी वाकून म्हणाले. "तोवर याला गाडीला हात लावू देऊ नका."

जावईबापूंनी पाय लांब करून मेहुण्याचा ग्राइंडर हळूच आपल्या बादलीमागे सरकवला.