सात भोकांची जीप

लष्कराच्या लिलावात निघालेली जीप आबारावांनी जळकोटात आणली आणि तेव्हापासून त्यांचे पाय जमिनीला लागेनात. जीपच्या मागच्या पत्र्याला ओळीनं सात भोकं होती. "सात गोळ्या झेलल्यात हिनं!" येणाऱ्याजाणाऱ्याला ते भोकात बोट घालून दाखवत. दर खंडेनवमीला शस्त्रपूजेत त्या भोकांना हळदकुंकू लागे, वर एकेक झेंडू खोचला जाई.

एकदा त्यांच्या बायकोनं, जाईबाईंनी, बाजाराला न्यायची वांग्यांची पाटी जीपमध्ये ठेवली. आबारावांनी ती तिथल्या तिथं खाली उतरवली.

"अगं, रणात लढलेली गाडी ही! हिच्यात वांगी?"

"मग म्या काय डोक्यावर नेऊ?"

"ने. पर हिचा अपमान नगं."

यंदा शेजारच्या लिंबाजीनं पारावर चारचौघांत विचारलं, "आबा, कुठल्या लढाईत व्हती वो तुमची जीप?" "मोठ्या!" आबाराव म्हणाले. सगळे फिदीफिदी हसले. झालं, आबाराव पेटले. तीन थरांचा रंग खरवडून त्यांनी जुना लष्करी नंबर शोधला आणि फोटो माजी सैनिकांच्या ग्रुपवर धाडला. तिसऱ्या दिवशी मुरुमहून निवृत्त हवालदार वीरप्पांचा फोन.

"ही तर आमचीच गाडी की हो! तीन वर्षं मीच चालवली."

आता एवढ्यावर पुढचं विचारावं की नाही? पण आबाराव कसले विचारतात! त्यांनी थेट खंडेनवमीचं आमंत्रण दिलं, मांडव घातला, भोंगा लावला आणि अख्खं गाव गोळा केलं.

वीरप्पा आले. त्यांनी जीपभोवती फेरी मारली, पत्र्यावरून हात फिरवला. म्हाताऱ्याचे डोळे भरून आले.

"सातच्या सात हायत की!"

"सांगा, सांगा," आबारावांनी माईक पुढं केला. "ह्या गोळ्या कुठं लागल्या?"

"गोळ्या? भोकं मीच पाडलीत हो, ड्रिलनं. डाव-झारे अडकवायला. जवानांच्या स्वयंपाकाची गाडी ही!"

भोंग्यानं हे पार हायवेपर्यंत पोचवलं. मांडवात खसखस पिकली. लिंबाजी तर पोट धरून म्हणाला, "आबा, इतकी वर्सं झाऱ्याच्या भोकाला कुंकू लावलं व्हय?" धरणी पोटात घेईल तर बरं, असं आबारावांना झालं.

"हसू नका!" वीरप्पांचा आवाज कडाडला. "बर्फानं रस्ता बंद पडला होता. वर चौकीत बत्तीस जण दोन दिवस उपाशी. मोठ्या गाड्या खालीच अडकल्या. एका अंगाला दरी, आणि ही चढली, गरम खिचडीची पातेली घेऊन! सहा फुटी जवान लेकरागत रडला की हो मला बघून. उपाशी माणसानं बंदूक कशी उचलायची?"

एवढं बोलून म्हातारा ताठ उभा राहिला आणि त्यानं जीपला कडक सॅल्यूट ठोकला. पहिली टाळी लिंबाजीनंच वाजवली. आबारावांची छाती गोळ्यांच्या काळात फुगली नव्हती एवढी फुगली.

"जाई," माईकवरूनच ते म्हणाले, "घरातला झारा आण." जाईबाईंनी आणला. आबारावांनी तो जीपच्या भोकाला तारेनं बांधला आणि त्याला कुंकू लावलं.

पुढच्या बाजाराला वांग्यांची पाटी जीपच्या पुढच्या सीटवर बसून गेली. जाईबाई जीपशेजारीच दुकान मांडून बसल्या. आबाराव मात्र गिऱ्हाईक ओढून जीपच्या मागं नेत होते, एकेका भोकात बोट घालून सांगत होते, "हितं डाव, हितं झारा, हितं..."

"अवं," जाईबाई ओरडल्या, "आदी वांगी तोला!"